शिवरात्रीचा सौदा

उपासामुळे थकलेल्या सुनंदाबाई देवपुरातल्या वाचनालयात पोथी बदलून पंख्याखाली टेकल्या. शेजारच्या बाकावर एक विधवा बाई आणि तिचा दीर बसले होते.

"वहिनी, मिलच्या शेअरचे जुने भाव शोधून आता काय मिळणार?"

"रतिलालभाऊ, तुमच्या दादांनी ते पोरीच्या शिक्षणासाठी ठेवले होते. तुम्ही मातीमोल विकलेत. म्हटलं, त्या दिवशीचा मातीचा भाव तरी बघू."

"बाजारच पडला होता! महाशिवरात्रीचा दिवस होता तो, मी खोटं बोलेन? अभिषेक करून दलालाला तार केली, दुपारी सौदा झाला."

"तुमच्या भक्तीवर कुणाची शंका आहे? ग्रंथपालभाऊ, सापडला का त्याच्या दुसऱ्या दिवशीचा वर्तमानपत्राचा अंक?"

"सापडला, पण यात भावच नाहीत. 'महाशिवरात्रीनिमित्त काल शेअरबाजार बंद होता,' एवढंच छापलंय."

सुनंदाबाई तोंडातल्या तोंडात 'शिव शिव' म्हणाल्या.

"अगंबाई! मग शेअर खुद्द महादेवानंच घेतले की काय, रतिलालभाऊ?"

"वहिनी, एखादा दिवस इकडेतिकडे झाला असेल."

"असेल ना. ग्रंथपालभाऊ, त्या महिन्याचे बठ्ठे अंक काढा, एकही सोडू नका. रतिलालभाऊ, तुम्ही दिवस सांगत चला, आम्ही भाव वाचत जातो."