खालच्या टोल्यावर सांगा

रंभा : त्या मासोळ्या कढईत टाकू नोका! आधी सांगा, डोहात काय टाकलं?

दसरू : धानावर फवारायची कीड मारायची दवाई उरली होती. थोडीशीच.

रंभा : थोडीशी? बेडकं उलटी पडली हायेत. खेकडे काठावर येऊन मेले.

दसरू : तुयाच बाप येऊन राह्यला पाहुना. म्हटलं, मासोळीचं कालवन होईल. गळाले एक नाई लागली.

रंभा : माया आजा झाडाची साल कुटून डोहात टाकत होता, पन आधी खालच्या टोल्यावर, तिथल्या वस्तीले निरोप धाडल्याबिगर नाई. लहान मासोळ्या परत सोडत होता. तुमी कोनाले सांगतलं?

दसरू : उन्हाळ्यात पानी वाह्यते कुठी? डोहातलं डोहातच.

रंभा : वरच्या बंधाऱ्याच्या फळ्या सकाळीच काढल्या नं! नाला सुटला. खाली कोन राह्यते, इसरले?

दसरू : ...करिश्मा.

रंभा : तुमची सख्खी बहीन. रेतीत झिरा खोदून त्यातलंच पानी पिते, तिथीच पोराले आंघोळ घालते.

दसरू : रंभा, फोन लाव. पन माया नाव नोको घेऊ. ग्रामसभेत उभं करतीन.

रंभा : तुमीच बोला. घ्या, लागला.

(पलीकडे ललिताबाई, करिश्माची सासू.)

ललिताबाई : करिश्मा घरी नाई, भाऊ. पोराले घेऊन नाल्यावर गेली.

दसरू : तिले बलावा, बाई! पानी कोनीच पिऊ नोका. नाल्यात दवाई हाये.

ललिताबाई : मांगं बी असंच उठवलं होतं कोनी. बायांनी भरले हंडे सांडले, काई निंगालं नाई. आता कोनी आयकनार नाई. तुमाले कोनी सांगतलं?

दसरू : लोक म्हनून राह्यले...

ललिताबाई : कोनते लोक?

रंभा : सांगा नं! पोरगं हाये तिथी!

दसरू : मी टाकली, बाई. मीच. साऱ्या टोल्याले माया नाव सांगा, पन धावा!

रंभा : ...काय म्हनल्या?

दसरू : धावत सुटल्या. फोन चालूच हाये हातात.

रंभा : काई आयकू येते?

दसरू : हाका मारून राह्यल्या. करिश्मा, करिश्मा करून.

रंभा : आन् ती?

दसरू : हाकच येते, रंभा. ओ नाई येत.