शंभर पॉइंट सहा

(मागच्या खोलीत दुपारची वेळ. जमिनीवर लाकडी खोका. त्यात जुन्या चादरी, गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणि नऊ दिवसांची तीन टेरियर पिल्लं, ओळखीसाठी गळ्यात लाल, निळा, पिवळा दोरा. शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा. खोक्याच्या एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला तिचा बेचाळिशीतला धाकटा भाऊ.)

ताई : उताणं नको धरूस रे! माणसाचं बाळ आहे का ते? पोटावर ठेव, मान जराशी वर. दूध नाकात गेलं की संपलं.

भाऊ : पोटावरच होता. वळवळून उलटा झाला.

ताई : टेरियर आहे, वळवळणारच. त्याची आई तर…

भाऊ : हं.

ताई : निळ्या दोऱ्याचं झालं की कापूस ओला कर आणि खालून पुसून काढ. त्याशिवाय शू करणार नाही तो. ते काम आईच्या जिभेचं.

भाऊ : माहितीये, ताई. नऊ दिवस करतोय.

ताई : हो, नऊ दिवस झाले. बरं, ऐक. मी ठरवलंय.

भाऊ : काय?

ताई : हे शेवटचं. ही तीन मोठी होऊन चांगल्या घरी गेली की बास. खोका माळ्यावर जाईल. पिल्लासाठी यादीत ज्यांची नावं आहेत त्यांना आजपासूनच कळवते, दुसरीकडे बघा म्हणून.

भाऊ : असं काय करतेस? एकवीस वर्षं झाली.

ताई : एकवीस वर्षं लोकांना शिकवत आले. दोन वर्षांच्या आत कुत्रीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. आधी गुडघे तपासा, डोळे तपासा, मग जोडी लावा. आठ आठवडे झाल्याशिवाय पिल्लू दाराबाहेर नाही. दिवस भरत आले की दोन वेळा ताप बघा, एकदम उतरला की दिवसभरात पिल्लं येणार. आणि माझीच ठिणगी, ह्यांची आई, अशी गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान…

भाऊ : पुढचं म्हणू नकोस.

ताई : का? आपण कोरडे पाषाण. म्हटलं, जा.

भाऊ : तुझी काय चूक त्यात? तू भाषणाला गेली होतीस.

ताई : तीच तर. तारीख चार दिवसांवर आलेली, आणि बाई निघाल्या भाषणाला.

भाऊ : ताप बघूनच गेलीस ना?

ताई : तक्ता बघून गेले.

भाऊ : तेच ते.

ताई : हं. लाल दोऱ्याला दे इकडे. तू हात धू, दुसरी बाटली आण.

भाऊ : दारात कुणीतरी आहे.

मास्तर : मी आहे, मी! आत येत नाही हो, उंबरठ्यावरच उभा आहे. चपला बाहेर काढल्यात, हात नळावर धुतलेत. तुमची शिस्त ठाऊक आहे मला. चौदा वर्षं तुमच्याकडचा कुत्रा सांभाळलाय.

ताई : आणि नाव ठेवलंत बोका. या, मास्तर. तिथेच बसा स्टुलावर.

मास्तर : बसत नाही. बसलो की पाठ धरते. ठिणगीचं कळलं परवा. फार वाईट झालं हो. किती वाचली?

ताई : पाचातली तीन. हा लाल, तो निळा, आणि ती कोपऱ्यातली पिवळी.

मास्तर : पिवळी अगदीच चिमणी दिसतेय.

ताई : दोन दिवस जेमतेम तोललंय वजन. आज बघायचंय अजून.

मास्तर : आणि ठिणगी? दवाखान्यातच?

ताई : पोट उघडून पिल्लं काढेपर्यंत होती. मग गेली. आम्ही पोचलो तेव्हाच उशीर झाला होता. पहिलं पिल्लू अडकून दीड तास झाला होता.

मास्तर : अरेरे. धाकटे बंधू, तुम्हीसुद्धा वाळलात की हो. बोलत नाही काही?

भाऊ : काय बोलू, मास्तर.

मास्तर : दैव म्हणायचं. तुमच्या बहिणीनं काही कमी केलं असेल का? त्या दिवशी आपल्या श्वानप्रेमी संस्थेत काय भाषण झालं म्हणून सांगू! मी चित्रकला शिकवली तीस वर्षं, पण एवढा वेळ पोरं गप्प बसलेली पाहिली नाहीत, आणि तिथे तर सगळे साठीच्या पुढचे.

ताई : मास्तर, राहू द्या ते.

मास्तर : का राहू द्या? ह्यांनी ऐकायला नको? अहो, शेवटी पर्स उघडली, थर्मामीटर काढलं, असं उंच धरलं आणि म्हणाल्या, "हे कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस." काय टाळ्या पडल्या! आमच्या हिनं तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं.

भाऊ : पर्समधून?

मास्तर : हो. त्या निळ्या डबीतून. मी मागून तिसऱ्या रांगेत होतो, तरी लाल टोपण दिसलं.

ताई : मास्तर, पिल्लांची झोपायची वेळ झाली.

मास्तर : निघालोच. माझं नाव तेवढं यादीत असू द्या. घाई नाही. वर्ष लागो, दोन लागोत. बोका गेल्यापासून घरी पोहोचलो की कुणी भुंकत नाही. बायको बोलते, पण ते वेगळं.

ताई : यादीचं… बघू, मास्तर.

मास्तर : बघू म्हणजे?

ताई : बघू म्हणजे बघू. दार ओढून घ्या जाताना, वारा लागतो त्यांना.

मास्तर : बरं. काळजी घ्या.

(मास्तर दार ओढून घेऊन जातात.)

ताई : बाटली गार होतेय.

भाऊ : थर्मामीटर तुझ्याकडे होतं.

ताई : हो.

भाऊ : मी त्या सकाळी सगळं घर पालथं घातलं. खोक्यातल्या चादरी झटकल्या. कचऱ्याची बादलीसुद्धा उपसली. आणि ते तुझ्या पर्समध्ये.

ताई : आदल्या संध्याकाळी ठिणगीचा ताप मीच बघितला. तेवढ्यात संस्थेचा फोन आला. हातात होतं ते चष्म्याबरोबर पर्समध्ये गेलं. मलाही पत्ता नव्हता. तू विचारलं का नाहीस?

भाऊ : तू आरशासमोर भाषण म्हणत होतीस. "आता मला कुणी काही विचारायचं नाही" असं बजावलं होतंस. आणि आधीची दोन थर्मामीटरं मीच फोडलेली. तू म्हणाली होतीस, तिसरं गेलं तर तुला घराबाहेर काढीन.

ताई : अरे, चेष्टा होती ती!

भाऊ : आठ महिने दुसऱ्याच्या घरी जेवणाऱ्याला चेष्टा कळत नाही, ताई.

ताई : दुसऱ्याच्या?

भाऊ : मग काय? दुकान बंद पडलं, पिशवी घेऊन तुझ्याकडे आलो. तू कधी तोंडानं बोलली नाहीस, पण मला कळतं ना. एक काम दिलं होतंस. सकाळी ताप बघायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहायचा. बस्स, एवढंच.

ताई : आणि काय लिहिलंस?

भाऊ : तुला पाठ असेल.

ताई : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

भाऊ : शंभर पॉइंट सहा. आदल्या सकाळी पॉइंट सात होतं, त्याच्या आधी पॉइंट पाच. मधलं घातलं.

ताई : मधलं घातलंस.

भाऊ : शंभरच लिहिलं असतं तर तुला संशय आला असता. पॉइंट सहा खरं वाटतं. बघ, एवढी अक्कल होती मला! आणि त्याच्यापुढचं ऐक. अकरा वाजता ती खोक्यातले कागद उकरायला लागली. धापा टाकत होती. दूध हुंगलं आणि तोंड फिरवलं. सगळं तू शिकवलेलं, एकेक खूण. आणि मी तिला म्हणतो, गप बस गं, आज नाही, शंभर पॉइंट सहा आहे तुला. खोटा आकडा मीच लिहिलेला, आणि माझाच त्याच्यावर विश्वास बसलेला.

ताई : डॉक्टरांना फोन केला होतास ना तू?

भाऊ : बारा वाजता केला. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, सकाळी ताप किती होता? मी सांगितलं. ते म्हणाले, मग आज काही नाही, नव्व्याण्णवच्या खाली उतरला की बघू, उगाच घाबरू नका. बिचाऱ्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. एक वाजल्यापासून ती कळा देत होती, आणि मी बाहेर कपडे वाळत घालत होतो. आत आलो तर हिरवं पाणी गेलेलं आणि पिल्लू एकही नाही. माझ्याकडे बघत होती, ताई. ओरडली नाही. नुसती बघत होती.

ताई : पुरे.

भाऊ : पुरे कसं? मारलं मी तिला. नऊ दिवस सांगायचं म्हणतोय. रोज बाटली गरम करताना वाक्य जुळवतो, आणि तू समोर आलीस की दूध किती घालू विचारतो.

ताई : मला ठाऊक होतं.

भाऊ : आत्ता मास्तर बोलले म्हणून?

ताई : नऊ दिवस ठाऊक आहे. भाषणाच्या आधी चष्मा काढायला पर्समध्ये हात घातला, तर हाताला डबी लागली. म्हटलं, थर्मामीटर इथे आहे, तर मग सकाळचे शंभर पॉइंट सहा आले कुठून?

भाऊ : तेव्हा किती वाजले होते?

ताई : साडेदहा.

भाऊ : साडेदहा! तिनं उकरायलासुद्धा सुरुवात केली नव्हती, ताई. मग फोन का नाही केलास?

ताई : फोन हातात घेतला होता. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

भाऊ : मग?

ताई : मग काय? गेले वर. मनात म्हटलं, तारखेला चार दिवस आहेत, एका सकाळनं काय होतंय. फोन केला असता तर तू गडबडला असतास, कदाचित मला परत निघावं लागलं असतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी व्यासपीठावर बोलावलं होतं रे. मला बोलायचं होतं. खरं कारण तेवढंच, बाकी सगळी सारवासारव.

भाऊ : आणि तेच थर्मामीटर लोकांना दाखवलंस.

ताई : हातात होतं. सुचलं. खोटं बोलतो तो माणूस, म्हटलं. त्या वेळी मनात तू होतास. टाळ्या पडल्या तेव्हा कळलं नाही की मी माझ्याबद्दलच बोलतेय. आणि भाषण संपल्यावर तरी निघावं? जेवण होतं. जेवले. आग्रह झाला, परत वाढून घेतलं. दुसऱ्यांदा वाढून घेत होते तेव्हा इथे ती कळा देत होती.

भाऊ : म्हणजे नऊ दिवस तू मला नुसती टोचत होतीस. तक्ता बघून गेले म्हणे.

ताई : टोचत होते. रोज वाटायचं, आज हा बोलेल. आणि रोज देवाला म्हणायचे, आजचा दिवस नको बोलू दे. तू बोललास की मला बोलावं लागणार. तू मूग गिळून बसलास ते माझ्या सोयीचंच होतं.

भाऊ : वर माझ्यासमोर स्वतःला दोष देत होतीस. मला वाटायचं, किती मोठं मन हिचं. लाजेनं मान वर होत नव्हती माझी.

ताई : दोष दिला, पण बेतानं. तारीख जवळ होती, भाषणाला गेले, एवढाच. डबीचं नाव काढलं नाही.

भाऊ : मी जातो, ताई. ही पिल्लं मोठी झाली की जातो.

ताई : कुठे?

भाऊ : बघतो कुठेतरी.

ताई : बस खाली. पळून जायचा मान तुला नाही आणि खोका माळ्यावर टाकायचा मान मला नाही. आपण दोघं गेलो तर ठिणगी परत येते का? ह्यांना दर तीन तासांनी कोण पाजणार, मास्तर?

भाऊ : मास्तरांना काय सांगायचं?

ताई : आहे ते. संस्थेची पुढची बैठक महिन्यानं आहे. तीच डबी घेऊन उभी राहीन आणि सगळं सांगेन. साडेदहापासून. मग ज्यांना यादीतलं नाव काढायचंय त्यांनी काढावं.

भाऊ : शंभर पॉइंट सहाचं मी सांगेन. तुझ्या तोंडून नको.

ताई : ये मग माझ्याबरोबर. ऊठ, वजनं राहिलीत. एकेक ठेव काट्यावर.

भाऊ : लाल, तीनशे चार.

ताई : काल दोनशे ब्याण्णव. छान. पुढे.

भाऊ : निळा, दोनशे एक्क्याऐंशी. हलू नको रे, गाढवा! हो, एक्क्याऐंशीच.

ताई : दहानं वाढलं. पिवळी?

भाऊ : थांब जरा.

ताई : काय झालं?

भाऊ : परत ठेवून बघतो. काल किती होतं तिचं?

ताई : कालचं नंतर. आज काय दिसतंय?

भाऊ : वाढलं नाही, ताई. दोनशे आठ. काल बारा होतं, मला आठवतंय. चार ग्रॅम उतरलं.

ताई : मी येऊन बघू का काटा?

भाऊ : बघ ना. तूच बघ.

ताई : नको. तू सांगितलंस ना, मी लिहिते. दोनशे आठ. आता तिला पोटाशी धर, आणि डॉक्टरांना फोन लाव. विचारतील किती आहे म्हणून. हाच आकडा सांग.