काठावर एकदा वाजलेली पळी

आदरणीय अध्यक्ष, आमचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, समोर बसलेली पहिल्या पाळीची सगळी मंडळी, आणि गळ्यात निरोपाचा हार असूनही स्वयंपाकघराकडे कान लावून बसलेले आमचे आचारीकाका,

मला दोनच मिनिटं दिली आहेत. रागाच्या भरात तीन झाली तर सांभाळून घ्या.

केटरिंगचं कॉलेज मी अर्ध्यात सोडलं. पेपरात प्रश्न होता, गॅस्ट्रॉनॉमी म्हणजे काय आणि तिचा संस्कृतीशी संबंध काय? चार ओळी लिहिल्या, सरांशी भांडलो, निघून आलो. उत्तर या कारखान्याच्या कँटीनमध्ये, काकांच्या हाताखाली मिळालं, तेही माझ्या हातून वाईट घडल्यावर.

साहेब आत्ता म्हणाले, काकांच्या जिभेला तोड नाही. साहेब, दोन वर्षांपूर्वीच्या तापात काकांची चव कायमची गेली. काका, बसा. आज बोलू द्या. ते पळी ओठाला लावायचे ती नुसती दाखवायला. चाखायची इथेच मदतीला असलेली त्यांची लेक. तिने पळी पातेल्याच्या काठावर एकदा वाजवली की मीठ बरोबर, दोनदा वाजवली की अजून हवं. काका हसायचे, "जीभ गेली तर गेली, कान शाबूत आहेत ना!"

लग्न ठरल्यावर ती मला म्हणाली, "आता बाबांची जीभ तू. आणि तोंड पाडून बसू नकोस."

"मग जातेस कशाला?"

"तू कधी विचारलंस का मला?"

नव्हतं विचारलं.

तिच्या लग्नानंतरच्या सोमवारी मी बटाट्याचा रस्सा चाखला. मीठ बरोबर होतं. पळी हातात होती. मी वाजवली नाही. राग कुणावर होता, देव जाणे. काकांनी वाट पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि अंदाजाने मूठभर मीठ टाकलं. मी बघत राहिलो.

त्या दिवशी तुम्ही दीडशे जणांनी तो खारट रस्सा पाण्याच्या घोटांबरोबर मुकाट संपवला. वेल्डरताईंनी तर परत वाढून घेतला, "काका, आज जमलंय हं!" म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? कधीपासून? बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी मात्र ताट सरकवलं, आणि आठवड्याच्या आत काकांच्या निवृत्तीचा कागद निघाला. वयोमानामुळे, म्हणे.

माणसं काय खातात ते मी पेपरात लिहिलं होतं. कुणासाठी काय गिळतात ते त्या दिवशी पाहिलं. संस्कृती म्हणतात ती हीच असावी. मला ती जमली नाही.

काकांनी माझं नाव घेतलं नाही. मीही गप्प बसलो. उद्यापासून बाहेरून बंद डबे येणार, म्हणजे आता बोलून चूल काही पेटत नाही.

आजचं शेवटचं पातेलं मी चाखलं. काकांनी पळी ओठाला लावली आणि थांबले. मी एकदा वाजवली. त्यांनी मान वर केली नाही.

ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक आलं असेल तर तुम्ही पोटात घाला. त्या सोमवारची माफी मात्र काकांकडे मागतोय. काका, ती दिलीच पाहिजे असं नाही.