पोस्टरच्या गुडघ्याला हळद

बीडच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बाकं दोन, कुबड्या दोन आणि आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या रुद्राणीशिवाय माणसं दोनच होती: चौसाळ्याच्या छबुबाई आणि त्यांची उंचपुरी लेक राजनंदिनी.

"माय, माझ्या पोस्टरमधल्या अमेरिकन खेळाडूच्या गुडघ्याला हळद तू लावलीस?"

"रोज लावते. त्याचंबी आपरेशन झालतं म्हनलीस ना?"

"अगं, तो बरा होऊन पुढं लई वर्षं खेळला! त्याला कावून लावतीस?"

"तुला लावू दिली का तू? टाके हायेत म्हनून वरडलीस."

"आज गुडघा एकशे वीस अंश वाकला न्हाई, तर डॉक्टर बास्केटबॉल बंद करतील."

"वाकतोय. जा आत."

पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज आला.

"दुखतंय? अजून थोडं... बास. एकशे चोवीस."