वन्समोरचा हक्क

वीस वर्षांपूर्वीचं संगीत नाटक एका नाटक मंडळीनं आदिलाबादेत पुन्हा लावलं होतं. बी.एस्सी. होऊन घरी परतलेला हणमंत तिकिटाच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढे तलमडुगुचे म्हातारे महिपत आणि त्यांची बायको बयनाबाई होती. मोतीबिंदूनं महिपतना काहीच दिसत नव्हतं. दोघांचं बोलणं हणमंतला ऐकू येत होतं.

“आठ आणे? मांगच्या खेपेला तर चार होते,” महिपत म्हणाले.

“तवा गडी लुगडं नेसून नाचे. आता खरी बाई आहे म्हंते.”

“मले दिसतच नाही. मी काऊन तिचे पैसे देऊ?”

“मंग कनातीबाहेर बसू ना. गाणं तिथं बी ऐकू येते. माये पाय गळून गेले आता.”

“बाहेरून वन्समोर मागता येते काय?”

“काऊन नाही?”

“बिनतिकिटाचा वन्समोर कोण मानते वो? लोकं हसतीन.”

बयनाबाईनं पदराची गाठ सोडून पैसे मोजले.

“दोघांचं तर जमत नाही. एकच घ्या. तुमाले आत बसवून देते.”

“आन् तू?”

“मी बाहेर टेकते. पण वन्समोर जोरानं मागजा, म्हंजे मले बी दुसऱ्यांदा ऐकू येईन.”