आम्ही तिघं आणि एक सुपारी

...नाही, पण तुम्हीच सांगा, सुपारी माणसात धरतात का हो? धरतात! आमच्या सासूबाई धरतात!

शुक्रवारी सकाळी, तुम्हाला सांगतो, आमच्या मलिंगार गावाहून डब्लिनची पहिली गाडी पकडायची, मी बूट घालून दारात, सासरे मफलर गुंडाळून माझ्या मागे, आणि सासूबाई म्हणतात, "थांबा! तिघांनी कामाला जायचं नसतं. तीन तिगाडा, काम बिगाडा!" आता चौथा कुठून आणू? बायकोला, वीणाला, सातवा महिना, ती घरी. तर यांनी देवापुढची सुपारी उचलली, हळदकुंकू लावलं, सासऱ्यांच्या कोटाच्या खिशात टाकली... "ही चौथी. सांभाळा." झालो चौघं!

आणि काम काय? शिक्का! मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, भारतात जाऊन परत या देशात पाऊल टाकायचं तर पासपोर्टवर आधी शिक्का लागतो, तो मिळतो डब्लिनला, आणि त्या कामाला सुट्टी मिळाली एकच दिवस, तीही विमानाच्या आदल्या दिवशी! शनिवारी विमान, मंगळवारी पुण्याला माझ्या बहिणीचं, शर्वाणीचं लग्न. मी एकुलता एक भाऊ हो! कानपिळीला नवरदेवाचा कान कोण पिळणार? मी! सव्वीस वर्षं या पोरीनं माझे कान खाल्ले, आता कुठे एक कान माझ्या हातात यायचा होता. "दादा, तू नसलास ना, तर बघ," म्हणाली होती.

सासू-सासरे त्याच विमानानं परत जायचे. महिनाभर मलिंगारला गाईच बघितल्या त्यांनी. "जावईबापू, राजधानी तरी दाखवा." म्हटलं चला, दोन्ही कामं होतील. हीच ती अक्कल!

नदीकाठच्या त्या ऑफिसबाहेर ही रांग! साडेनऊला टोकन हातात आलं. बोर्डावर आकडा अकरा... आणि आमचा नंबर एकशे सत्त्याण्णव! दारावरचा गार्ड हसून म्हणाला, "यू आर ग्रँड! गो अँड सी द टाउन!" इथे 'काही काळजी नको' म्हणायचं तरी ग्रँड! ग्रँड म्हणे.

मग काय, टाउन! रस्त्याच्या मधोमध तो उंच सुळका आहे ना पोलादाचा, तिथे सासरे थांबले. पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत. "जावईबापू, याचा पाया किती खोल असेल हो?" मला काय ठाऊक! मी हृदयाचे ठोके मोजतो, पाये नाही! त्यांनी पावलं टाकून घेर मोजला, वर बघत मागे सरकले, एका सायकलवाल्याला धडकले, त्यालाच "सॉरी" म्हणायला लावलं. मी पळत ऑफिसात. बोर्डावर चौसष्ट... आणि आमचा नंबर एकशे सत्त्याण्णव!

मग डब्लिनच्या जुन्या घरांचे ते रंगीत दरवाजे. लाल दारासमोर फोटो, पिवळ्या दारासमोर फोटो, निळ्या दारासमोर सासूबाईंनी बेलच वाजवली. "आत कोण राहतं बघू तरी!" पुन्हा मी पळत. अठ्ठ्याण्णव. शहरात लोक काय काय बघतात, मी एक बोर्ड बघितला!

एक वाजता बागेत बाकावर थालीपीठ, लोणचं. दोनला बोर्डावर एकशे एकवीस. म्हटलं अजून दीड तास तरी सहज आहे, आणि पाऊस सुरू झाला. म्युझियम जवळ, तिकीट नाही. शिरलो. का शिरलो?

आत काचेच्या पेटीत एक माणूस. दलदलीत सापडलेला, दोन हजार वर्षांपूर्वीचा, कातडं शाबूत. सासूबाई म्हणाल्या, "पुतळा का हो?" मी मूर्ख, खरं सांगितलं! "म्हणजे... प्रेत? आणि तसेच शुभकार्याच्या शिक्क्याला निघालात? आंघोळ केल्याशिवाय मी यायची नाही!" म्हटलं, आई, राजधानीत आंघोळ कुठे घालू तुम्हाला? शेवटी तडजोड झाली, हातपाय धुवायचे. गेल्या बायकांच्या बाथरूममध्ये. दोन जोड मोजे काढायचे, एकेक पाय बेसिनपर्यंत न्यायचा... पंचवीस मिनिटं! तुम्ही म्हणाल, एकटा का नाही पळालास? अहो, पासपोर्ट! तिघांचे पासपोर्ट त्यांच्या पर्समध्ये, "परदेशात चोऱ्या फार" म्हणून! दारात मी "आई, आवरा हो!" म्हणून ओरडतोय, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायका माझ्याकडे बघतायत.

पळालो. तिघं पळालो, पावसात. बोर्डावर... दोनशे तीन. अर्धी माणसं कंटाळून गेलेली, आकडे भराभर सरकले. खिडकीतली बाई म्हणाली, गेला तुमचा नंबर, आजची टोकनं संपली. मी विनवण्या केल्या, बहीण सांगितली, कान सांगितला, स्वतःचा कान धरून दाखवला! "अह, यू आर ग्रँड. कम बॅक मंडे."

सोमवारी! विमान शनिवारी, लग्न मंगळवारी!

सासूबाई गर्रकन वळल्या सासऱ्यांकडे. "सुपारी कुठाय?" सासरे छताकडे बघायला लागले. "अहो, विचारतेय!" खिशातून हळूच अडकित्ता निघाला. "थालीपिठानंतर... तोंडाला चव नव्हती."

"चौथीला खाल्लंत?"

रडू आलं हो मला, तिथेच, सगळ्या जगाच्या लोकांसमोर. बाहेर येऊन शर्वाणीला फोन केला. ती भांडलीच नाही. "बरं दादा," एवढंच म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं.

सासऱ्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "जावईबापू, काळजी करू नका, तुमच्या वतीनं कान मी पिळतो." सुपारी खाणारा माणूस माझ्या मेव्हण्याचा कान पिळणार!

आणि सासूबाई? परतीच्या गाडीत खिडकीबाहेरच्या गाई बघत म्हणतात कशा, "एका अर्थी बरंच झालं. उद्या विमानात आपण तिघंच झालो असतो."