लिफ्ट बंद, मंडळ चालू

…नाही, नाही, तुम्हीच मला सांगा, दहा मिनिटांचं काम, आणि त्यावर अकरा महिने चर्चा? अकरा! अहो, अकरा महिन्यांत मूल जन्माला येऊन मान धरायला लागतं! आणि ही लिफ्ट? तळमजल्यावर तोंड मिटून उभी, गळ्यात पाटी, 'लिफ्ट बंद आहे, दिलगीर आहोत.' अहो, कोण दिलगीर आहे? मी भर बैठकीत विचारलं, एकानंही हात वर केला नाही!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल म्हातारा भरकटला. तर तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या, कुठकुठल्या. त्यात निम्मं काम पान्याचं आणि निम्मं तोंडाचं, कारण आत माणूस अडकलेला असतो ना! मग दाराबाहेरून बोलत राहायचं, 'घाबरू नका ताई, श्वास घ्या, मुलं किती? मोठा कितवीत?' त्यातल्या फार थोड्यांची तोंडं मी पाहिली असतील, पण चाळीस वर्षं भरपूर बोललो बघा. मग निवृत्त झालो, आणि त्याच वर्षी आमची ही गेली. मुलगी परगावी, तिचा रविवारी फोन, 'बाबा, जेवलात ना? गोळ्या घेतल्यात ना? ठेवते मग.' झालं, आठवडा संपला! घरात इतकं सामसूम, की फ्रिज घुर्र करून सुरू झाला तरी मी 'कोण आहे?' म्हणून उठायचो.

म्हणून मी संग्रहालयात जायला लागलो. हसताय काय? घरापासून चार चौक, ज्येष्ठांना फुकट, आणि बसायला बाक. तिसऱ्या मजल्यावर इस्त्र्यांचं दालन. हो, इस्त्र्या! कोळशाच्या, पितळेच्या, एक तर एवढी जड की ती चालवणाऱ्या बाईच्या दंडाचाच पुतळा तिथे ठेवायला हवा होता. दारापाशी खुर्चीत राखणीला एक बाई, माझ्या मुलीच्याच वयाच्या. सगळे त्यांना 'वरच्या बाई' म्हणायचे. त्यांच्या सासूचा गुडघा आणि माझा गुडघा एकाच बाजूचा निघाला आणि ओळख झाली. मग काय, रोज! 'या काका, आज उशीर?' असं कुणी म्हटलं ना, की घरून निघताना शर्टाला इस्त्री करावीशी वाटते.

आणि तेवढ्यात आमचं नशीब फळफळलं! संग्रहालयाच्या नियामक मंडळानं नियम काढला, की मंडळावर एक जागा साध्या प्रेक्षकाला द्यायची, वर्षभरात नोंदवहीत ज्याची नावं सगळ्यात जास्त, तो. मोजली. माझी दोनशे अकरा! दुसऱ्या नंबरच्या गृहस्थांची चार, आणि त्यातले दोनदा ते स्वच्छतागृह विचारायला आले होते. झालो मी सदस्य!

तुम्हाला सांगतो, पहिल्या बैठकीला मी लग्नातला कोट काढला. मनात म्हटलं, आता काय, महिन्याला बैठक, दहा-बारा माणसं, चहा, बोलणं! लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि पाटी. माझ्या पाटीवर 'प्रेक्षक प्रतिनिधी'. अध्यक्ष मॅडम, आवाज असा गोड की रागावल्या तरी वाटावं आपलं अभिनंदन चाललंय. म्हणाल्या, "आपलं स्वागत. एकच गोष्ट पहिल्या दिवशीच सांगते हं. संग्रहालय चालवणार संचालक. धोरण आणि नियोजन ठरवणार आपण. आपण देखरेख करायची, हात लावायचा नाही!"

मान डोलावली मी. मला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय!

विषय क्रमांक सात : लिफ्ट. मी उठलो, कोटाचं बटण लावलं, म्हटलं, "मॅडम, मी ऐकलंय तिला. बटण दाबलं की वर टक् होतं आणि गप्प बसते. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या दाराची विजेच्या संपर्काची पट्टी मळलीये. दार लागलंय हे तिला कळतच नाही, म्हणून ती हलत नाही. काचपेपर मारला की दहा मिनिटांत—" तर वकीलसाहेब. मंडळावर एक वकील असतोच, वरणात हिंग असतो तसा. चष्म्यावरून म्हणाले, "सदस्यांनी कारभारात ढवळाढवळ करू नये अशी घटनेत तरतूद आहे." आणि मॅडम, "कित्ती छान सूचना! आपण उपसमिती नेमू."

उपसमिती! तीन माणसं. त्यांची पहिली बैठक ठरली दुसऱ्या मजल्यावर. त्यातल्या एकांना जिना चढवत नाही, ते खाली बसून राहिले, दोघं वर बसून राहिले, गणसंख्या तिघांची, ती भरली नाही, बैठक तहकूब. कशामुळे? लिफ्ट बंद म्हणून! दुसरी बैठक? तीही तिथेच! असे अकरा महिने!

मी गुपचूप संचालकांकडे गेलो. बिचारा चांगला माणूस, पण चेहरा असा की कायम कुणीतरी त्याच्या पायावर उभं आहे. म्हणाला, "साहेब, मला कळत नाही का? पण तुम्ही सदस्य. तुम्ही थेट सांगितलंत आणि मी केलं, तर उद्या मला विचारतील, कुणाच्या आदेशानं? मंडळाकडून येऊ द्या. आणि तुम्ही तर… देखरेख करायची, हात लावायचा नाही." त्याच्याही तोंडी तेच! पुढे पुढे घरी दूध उतू जायला लागलं तरी मी दोन सेकंद नुसता बघत राहायचो.

बरं, हे परवडलं. पण खरी गंमत वरती झाली. गंमत कसली… सदस्य झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हौसेनं वर गेलो, तीन मजले, मधे दोनदा कठड्याला टेकून. तर बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "नमस्कार साहेब."

साहेब!

म्हटलं, "अहो बसा, मी काकाच आहे." "नाही साहेब, मंडळाचे सदस्य आले की उभं राहायचं असतं." आणि उभ्याच राहिल्या. आता उभ्या माणसाशी सासूच्या गुडघ्याबद्दल किती बोलणार? पाच मिनिटांत उतरलो. रोज तेच. मला वाटलं होतं बारा माणसं मिळाली. होती ती एक पण गेली.

मग आला पंचवार्षिक आराखडा! जाडजूड, चकचकीत. पान बेचाळीस : 'तिसरा मजला. आठ महिन्यांतील प्रेक्षकसंख्या : सहा. शिफारस : मजला बंद करावा, वस्तू पेट्यांत भराव्यात, तेथील सेवकपद रद्द करावे.' मी म्हटलं, "सहा? अहो, मी एकटाच शंभरदा गेलोय!" वकीलसाहेब म्हणाले, "सदस्याची भेट ही देखरेख असते, तो प्रेक्षक धरत नाहीत." ऐकलंत? म्हणजे मला सदस्य केलं आणि त्या मजल्याचं एकुलतं एक गिऱ्हाईकही काढून घेतलं! म्हटलं, "लिफ्ट सुरू करा, लोक जातील वर." मॅडम गोड हसल्या, "लिफ्ट आराखड्यात आहे ना! चौथ्या वर्षात." आणि मजला कधी बंद? पहिल्या! मतदान पुढच्या बैठकीत.

दुसऱ्या दिवशी वर गेलो. बाई उभ्या. म्हणाल्या, "साहेब, खाली बोलतात, हा मजला बंद होणार. खरं का? नाही, म्हणजे कळलं तर दुसरीकडे बघायला बरं." आणि मी, चाळीस वर्षं अडकलेल्या माणसांना दाराबाहेरून धीर देणारा मी, काय म्हणालो माहितीये? "ते गोपनीय आहे." असं म्हणालो मी! त्या म्हणाल्या, "बरं साहेब." जिना उतरताना स्वतःचीच शिसारी आली.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. सोमवारी सकाळी दहाला मी हत्यारांची जुनी पिशवी काढली. फाटकावर पहारेकरी, "साहेब, आज बंद!" म्हटलं, "ठाऊक आहे. देखरेखीला आलोय." सलाम ठोकून सोडलं त्यानं.

तुम्हाला सांगतो, आधी वीज बंद केली, खटक्याला पाटी टांगली, 'काम चालू आहे'. आत कुणी नसलं तरी पाटी टांगायची, ती शिस्त. तिसऱ्या मजल्याचं दार किल्लीनं उघडलं. संपर्काची पट्टी काळीकुट्ट! काचपेपर, पुसणं, एक स्क्रू सैल होता तो आवळला, दारं चारदा लावून पाहिली. नऊ मिनिटं! अकरा महिने आणि नऊ मिनिटं! वीज दिली, रिकामी लिफ्ट सहा फेऱ्या वरखाली केली, मग स्वतः बसलो. आली वर. दार उघडलं. समोर इस्त्र्या.

कुणी नव्हतं. झालं हे कुणालातरी सांगावं असं फार वाटलं. आमची ही असती तर म्हणाली असती, 'आधी हात धुवा.' मी बाईंच्या खुर्चीवर बसलो आणि इस्त्र्यांनाच मोठ्यानं सांगितलं, "झालं बरं का काम!" आवाज सगळ्या दालनात फिरून आला. मग उठलो आणि हात धुतले.

मंगळवारपासून जी माणसं वर यायला लागली! काठीवाल्या आजी, लेकुरवाळ्या बाया, शाळेच्या सहली. महिन्याभरात तिसऱ्या मजल्यावर नऊशे चाळीस! आणि बैठक. मला वाटलं पेढे वाटतील. तर वकीलसाहेब पेटलेले! "लिफ्ट कुणाच्या परवानगीनं सुरू झाली? सोमवारी पहारेकऱ्यानं कुणाला तरी आत सोडलं. त्याला निलंबित करा!" दोन लेकरांचा बाप तो, दाराशी बोलावून उभा केलेला, चेहरा पांढराफटक. संचालक टेबलाकडे बघतोय. मॅडम म्हणतायत, "फार वाईट वाटतं, पण शिस्त म्हणून…"

उठलो. कोटाचं बटण लावायचं राहिलं. म्हटलं, "मी केली. त्यानं मला सलाम केला, दुसरं काही केलं नाही. चाळीस वर्षं हेच केलं मी. तुमच्या तपासनिसाला बोलवा, त्यानं एक खोट काढली तर माझं नाव बदला." तपासनीस आला, आठ दिवसांनी. सगळं बघून म्हणाला, "हे कुणी केलं? जुन्या माणसाचा हात आहे." एवढंच. पण बरं वाटलं हो.

पहारेकरी राहिला. मजला राहिला, बाईंचं पद राहिलं. मी गेलो! ठराव झाला, 'कारभारात हात घातल्याबद्दल सदस्यत्व रद्द', आणि त्याच कागदावर खाली, 'मंडळाच्या देखरेखीखाली लिफ्ट सुरू झाल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले.' मॅडम मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या, हळूच म्हणाल्या, "मला व्यक्तिशः फार आवडलं हं. पण तुम्हाला सांगितलं होतं, देखरेख करायची…" म्हटलं, "हो मॅडम. हात लावायचा नाही."

मला वाईट वाटलं नाही, खरंच सांगतो. उलट म्हटलं, सुटलो! आता मी साहेब नाही, परत काका! दुसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री करून, नोंदवहीत नाव लिहून, लिफ्टनं ऐटीत वर. तर दालनात ही गर्दी! बाई मधोमध, घसा बसलेला, 'मुलांनो, काचेला टेकू नका! आजी, इकडून या!' मला बघून हसल्या. मनापासून हसल्या हो, "काका! बरं झालं आलात!" मी म्हटलं, "सासूबाईंचा गुडघा—" तेवढ्यात मागून आणखी चाळीस पोरं. बाई म्हणाल्या, "काका, जरा बाजूला होता का? लोकांना दिसत नाहीये." झालो बाजूला. अर्धा तास थांबलो. मान वळवायलाही फुरसत नव्हती त्यांना. बरंच आहे की! हेच तर हवं होतं ना आपल्याला?

निघालो. खाली जाणारी लिफ्ट आली, खच्चून भरलेली, शेवटचा मी कसाबसा शिरलो, तर घंटा वाजायला लागली. वजन जास्त! सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, एकानं उतरावं लागेल." उतरलो. दार लागलं, आणि गेली हो खाली, लोण्यासारखी, जरासा धक्का नाही… आता मला सांगा, तक्रार तरी कुणाकडे करू? घंटा अगदी बरोबर वाजली होती.